तिसऱ्या रांगेतली जागा

ते दोघं आले तेव्हा चर्चमध्ये पहिलं गीत संपत आलं होतं. तो सत्तरीचा, टाय लावलेला, हातात घडी घातलेलं बुलेटिन. ती फिकट निळ्या कार्डिगनमध्ये. डावीकडच्या तिसऱ्या बाकाशी येऊन थांबले, आमच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. उपासना संपल्यावर बाईंनी माझा हात हातात घेतला. कुठून आलात, मुलगी किती वर्षांची, थंडी मानवते का, सगळं विचारलं. आणि जाता जाता म्हणाल्या, "इतक्या पुढे तरुण माणसं बसलेली पाहून बरं वाटलं. आम्ही इथे बसतो ना, मुलं लहान होती तेव्हापासून."

मला वाटलं, कौतुक चाललंय. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथेच बसलो. टेक्ससमध्ये गोड बोलण्याचा अर्थ लावायला माणसाला निदान दोन वर्षं लागतात, आणि आम्हाला येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

तो अर्थ मला लागला एका कार्टूनमुळे. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं की टेक्सस समजून घ्यायचं तर 'किंग ऑफ द हिल' बघा. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांची ही मालिका १९९७ ते २००९ अशी फॉक्सवर चालली. तिच्यातलं आर्लन हे गाव काल्पनिक आहे, पण ते बेतलंय डॅलसच्या गारलंड-रिचर्डसनसारख्या उपनगरांवर. आम्ही राहत होतो रिचर्डसनमध्येच. त्यामुळे पडद्यावरच्या मागच्या गल्ल्या, कुंपणं, जळकट हिरवळ हे सगळं खिडकीतून दिसत होतं तसंच होतं. हँक हिल हा प्रोपेन गॅस विकणारा, इस्त्रीचा टी-शर्ट पँटीत खोचणारा गृहस्थ. बायको पेगी बदली शिक्षिका, स्पॅनिश शिकवते आणि भयंकर चुकीचं बोलते. मुलगा बॉबी. भाची लुअॅन. रविवारी सगळे आर्लनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये (हा प्रॉटेस्टंटांचा एक पंथ, आम्ही जायचो ते चर्चही त्याचंच) जातात, तिथल्या पाळक रेव्हरंड स्ट्रूप नावाच्या बाई आहेत.

दहाव्या सीझनमध्ये, २००६ सालचा, एक भाग आहे. नावच 'चर्च हॉपिंग'. एका रविवारी हिल कुटुंब चर्चमध्ये येतं तर त्यांच्या नेहमीच्या बाकावर दुसरंच कुटुंब बसलेलं. नवीन आलेली माणसं, त्यांना काय माहीत. हँक पाळकबाईंकडे तक्रार नेतो. बाई त्या लोकांना उठवायला तयार होत नाहीत. झालं. इतकी वर्षं एका जागी बसलेला माणूस उठतो आणि घरच्यांना घेऊन नवं चर्च शोधायला निघतो.

एवढं बघेपर्यंत मी रिमोट हातात घेऊन उभी राहिले होते. नवऱ्याला म्हटलं, "अरे, ते आपण आहोत." त्याला वाटलं, हिल म्हणजे आपण. चर्च शोधत फिरतोय ना आपण! मी म्हटलं, "हिल नव्हे. ते दुसरे. बाकावर बसलेले."

त्या भागाला त्या कुटुंबात काही रस नाही, आणि ते बरोबरच आहे, विनोद हँकच्या बाजूने आहे. पण मी मात्र तेव्हापासून त्या नवख्या लोकांचाच विचार करत आले आहे. ते तिथे का बसले असतील? मी का बसले ते मला पक्कं ठाऊक आहे. डावीकडची तिसरी रांग ही माझ्या आजीची.

आजीची म्हणजे नगरला. (आता अहिल्यानगर, घरात अजून नगरच.) तिथे बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. आजीची जागा तिसऱ्या बाकड्यावर, कडेला, पंख्याखाली. साडेनवाची उपासना असली तरी ती सव्वानवाला हजर. काही अडचण असेल तर मला पुढे पिटाळायची, 'उपासना संगीत'चं पुस्तक घेऊन. ते पुस्तक बाकड्यावर ठेवायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. एकदा मी, शहाणपणा करून, तिला म्हटलं की देवाच्या घरात कसली आली जागा, देव सगळीकडे असतो. म्हणाली, "देव सगळीकडे असतो गं, पण पंखा एकच आहे."

या जागेमागे अजून एक गोष्ट होती, ती पंख्याच्या विनोदाखाली झाकलेली असायची. आजीची आई वडाळ्याकडच्या एका खेड्यातली, महारवाड्यातली. गावच्या देवळात पाय ठेवायचा प्रश्नच नव्हता. चावडीपुढूनही खाली बघून जायचं. वडाळ्याच्या मिशनमध्ये ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिथे बाकडी नव्हती, सतरंजी अंथरलेली होती. कुणीतरी म्हटलं, बस. ती कडेला मातीवर बसली. पुन्हा म्हटलं, सतरंजीवर बस. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा देव, तारण, बाप्तिस्मा हे शब्द पुढे कधीतरी यायचे. आधी सतरंजी. तिथेही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतंच. महार आणि मांग एका सतरंजीवर बसणार का, यावरून कुरबुरी झाल्याचंही तीच सांगायची. पण पणजी बसली ती उठली नाही.

आणि आम्ही कुठल्या पंथाचे हे तरी कुणी निवडलं होतं? महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या जिल्ह्यावरून ओळखता येतो. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. नगर आणि सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणजे बोस्टनच्या काँग्रेगेशनल मंडळींकडे. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. जालन्याला स्कॉटिश. नाशिकला इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे अँग्लिकन, म्हणजे बिशपवाले. पणजीचं गाव शंभर कोस इकडेतिकडे असतं तर आम्ही बिशपच्या हाताखाली वाढलो असतो. तिने धर्म निवडला, तोही जिवावर उदार होऊन. पंथ मात्र नकाशाने दिला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात यातले बरेच पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अमेरिकन परंपरेचे मेथडिस्टही येणार होते, सगळं ठरलं होतं आणि ऐन वेळी ते बाजूला झाले. म्हणजे मी टेक्ससात ज्यांच्या बाकावर जाऊन बसले, ते आमच्या पंगतीतून पान वाढल्यावर उठून गेलेले लोक! हे मला फार नंतर लक्षात आलं आणि थोडं समाधानही वाटलं.

मराठी बायबलात चर्चला शब्द आहे 'मंडळी'. इमारत नव्हे, माणसं. जुन्या मराठीत 'आमची मंडळी' म्हणजे बायकोही. त्यामुळे 'मंडळी बदलली' हे वाक्य नगरमध्ये कुणी सहज उच्चारणार नाही. टेक्ससात मात्र पहिल्याच आठवड्यात शेजारणीने विचारलं की तुम्हाला 'चर्च होम' मिळालं का. घर मिळालं का, शाळा मिळाली का, दंतवैद्य मिळाला का, त्याच ओळीत. पुढे कळलं की याला सरळ 'चर्च शॉपिंग' म्हणतात आणि म्हणताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०१६ मध्ये याचीही पाहणी केली होती. निम्म्या, ४९ टक्के अमेरिकन प्रौढांनी आयुष्यात कधी ना कधी नवं प्रार्थनास्थळ शोधलेलं आहे. बहुतेकांना शोधावं लागलं ते घर बदलल्यामुळे. निवडताना काय पाहिलं? प्रवचनाचा दर्जा, ८३ टक्के. तिथल्या पुढाऱ्यांनी आपलंसं केलं का, ७९. उपासनेची पद्धत, ७४. चर्चची जागा, ७० टक्के. ही जागा म्हणजे पत्ता. आत गेल्यावर बसायच्या जागेबद्दल मला कुठे काही दिसलं नाही. गंमत अशी की 'प्यू' या इंग्रजी शब्दाचा अर्थच चर्चमधलं बाक. संस्थेचं नाव मात्र बाकावरून नाही, तेलाच्या धंद्यातल्या प्यू घराण्यावरून आहे.

आम्हीही शॉपिंग केलं, त्या तिसऱ्या बाकापर्यंत पोचण्याआधी. आधी गेलो एका मल्याळी चर्चमध्ये. डॅलस भागात केरळच्या ख्रिस्ती लोकांची चर्चेस भरपूर आहेत आणि भारतीय ख्रिस्ती म्हटलं की सगळे बोट तिकडेच दाखवतात. माणसं फार प्रेमळ होती. अप्पम आणि स्ट्यू असा खाऊ घातला की त्या एका जेवणावर मी मल्याळम शिकायला तयार झाले होते. तिथल्या एका आजींनी विचारलं, "केरळचे नाही, मग ख्रिस्ती कसे?" अमेरिकन विचारायचे, "तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?" हँक हिलचा एक शेजारी आहे, कान, मूळ लाओसचा. पहिल्याच भेटीत हँक त्याला विचारतो की तू चिनी की जपानी. कान आपला देश कुठे आहे, लोकसंख्या किती, सगळं समजावून सांगतो. ऐकून घेऊन हँकचा प्रश्न पुन्हा तोच. मी कानच्या बाजूने आहे. चार पिढ्या, असं मी उत्तर द्यायची, आणि समोरचा माणूस कधी कधी स्वतःच्या पिढ्या मोजायला लागायचा.

मग महाचर्च. हँकचं कुटुंबही फिरत फिरत शेवटी एका महाचर्चमध्ये जाऊन पोचतं. अमेरिकेत दर आठवड्याला २,००० च्या वर माणसं येणाऱ्या प्रॉटेस्टंट चर्चला 'मेगाचर्च' म्हणतात, आणि २००६ च्या टेक्ससात तो विषय अगदी ताजा होता. आदल्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, ह्यूस्टनचं लेकवुड चर्च जुन्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये राहायला गेलं होतं. ह्यूस्टन रॉकेट्स जिथे खेळायचे तिथे सोळा हजारांच्या आसपास लोक उपासनेला. आम्ही गेलो ते इतकं मोठं नव्हतं. तरी पार्किंगमध्ये नारिंगी जाकिटातले स्वयंसेवक हातात पेटत्या कांड्या घेऊन गाड्या वळवत होते, पंढरीच्या वारीत पोलीस वळवतात तशा. आत कॉफी. मुलीला मुलांच्या विभागात सोडलं तर तिच्या पाठीवर आकड्याचं स्टिकर आणि तोच आकडा माझ्या हातात. घ्यायला येताना जुळला पाहिजे. पडद्यावर उलटी मोजणी, शून्य झालं की बँड. खुर्च्या मऊ, कप ठेवायला खाच. बाक नावाची वस्तूच नाही.

मला आवडलं नाही असं म्हणणं खोटं होईल. दुसऱ्या रविवारी एका गाण्याला मी चांगली रडले. मराठी नसलेल्या, तबला नसलेल्या, धूर सोडणाऱ्या मंचावरच्या गाण्याला. आम्ही वाढलो ना. वा. टिळकांच्या भजनांवर, टाळ-पेटीवर, तरी रडले. पण तीन रविवार गेलो आणि चौथ्या रविवारी गेलो नाही, हे कुणाला कळलंच नाही. ईमेल मात्र येत राहिले: शिबिर, न्याहारी, नवरा-बायकोंचा वर्ग, पैशांचं नियोजन. हँकचंही तेच होतं. एवढं सगळं त्याला झेपत नाही. त्याचा देव रविवारी सकाळचा आहे. नीटनेटका, वेळेवर सुरू होणारा, दुपारच्या फुटबॉलच्या आत संपणारा. अशा माणसाची टिंगल करणं सोपं होतं. मालिका ती करते, पण त्याच्या श्रद्धेची करत नाही, आणि अमेरिकन कार्टूनमध्ये हे तितकंसं सापडत नाही. हँक चुकतोय हे दिसतं. पाळकबाई बरोबर आहेत हेही दिसतं. तरी बाईंनी त्या माणसाला निदान बसवून चहा पाजायला हवा होता, असं मला नगरकर म्हणून वाटतंच.

चर्चमधलं बाक राखीव नसतं हा पाळकबाईंचा नियम वाटतो तितका जुना नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बोस्टनकडच्या मुलखातल्या, जुन्या प्रार्थनागृहांत कुणी कुठे बसायचं हे गावची समिती ठरवायची: वय बघून, मान बघून, पैसा बघून. पुढे बाकं विकली जाऊ लागली, लिलावात सुद्धा. बाकाचा करारनामा व्हायचा, बाक मृत्युपत्रात मुलाच्या नावे लागायचं. नाहीतर वर्षाचं भाडं भरायचं. चर्चचा खर्च त्यावर चालायचा. म्हणजे पणजीला सतरंजीवर बस म्हणणारे लोक ज्या मुलखातून आले, तिथे बाक ही मालमत्ता होती! मेथडिस्टांनी सुरुवातीला याला विरोध केला, मग शहरांत तेही भाडं घेऊ लागले. त्यावरून, आणि गुलामगिरीवरूनही, भांडून काही जण बाहेर पडले आणि १८६० मध्ये त्यांनी 'फ्री मेथडिस्ट' चर्च काढलं. त्यातल्या 'फ्री'चा एक अर्थ होता बाक फुकट.

आणि त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये काळे लोक गॅलरीत गुडघे टेकून प्रार्थना करत होते. तुमची जागा ही नव्हे, म्हणत एका विश्वस्ताने अॅब्सलम जोन्स यांना प्रार्थना चालू असताना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असं ते म्हणाले. तो थांबला नाही. प्रार्थना संपली तेव्हा सगळे एकत्र उठले आणि बाहेर पडले. त्यांत रिचर्ड अॅलन होते. १८१६ मध्ये त्यांनी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ उभा केला. आजही तो मोठा आहे. हे वाचल्यावर 'चर्च हॉपिंग' पुन्हा पाहिलं, आणि हसू आलं ते जरा उशिरा आलं. हँकच्या बाकावर बसलेल्यांना कुणी उठवलं नाही. आम्हालाही नाही. माझ्या पणजीच्या आईने मात्र आयुष्यभर दुसरं काही ऐकलं नसेल.

तो भाग पाहिल्यावरच्या रविवारी आम्ही पाचव्या रांगेत बसलो. निळ्या कार्डिगनवाल्या बाई आल्या, त्यांची रिकामी जागा पाहिली, मागे वळून आम्हाला शोधलं आणि मान डोलावली. विषय पुन्हा निघाला नाही. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायच्या जेवणाला, त्यांनी माझ्या साबुदाण्याच्या खिचडीची कृती मागितली आणि पुढच्या वेळी त्यात चीज घालून आणली. मी खाल्ली.

पुढे काय झालं ते कार्टूनमध्ये येण्यासारखं नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्च, जे १९६८ मध्ये इथेच डॅलसमध्ये दोन चर्चेस जोडून तयार झालं होतं, ते समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक या प्रश्नावर उसवत गेलं. २०१९ मध्ये सेंट लुइसला खास अधिवेशन झालं. बाहेर पडायची एक वाट ठरली: मंडळीतल्या दोनतृतीयांश मतदारांनी हो म्हटलं पाहिजे, मुदत २०२३ अखेरपर्यंत. त्या चार-पाच वर्षांत साडेसात हजारांवर मंडळ्या बाहेर पडल्या, अमेरिकेतल्या एकूण मंडळ्यांच्या जवळपास चौथा हिस्सा. टेक्ससमध्ये फार. आमच्याकडे मतदान झालं ते एका रविवारी जेवणाच्या हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्यांवर, जिथे कुणाचीच ठरलेली जागा नव्हती. बाहेर पडायला मतं थोडी कमी पडली. म्हणजे चर्च राहिलं आणि ज्यांना जायचं होतं ते गेले.

ते दोघं गेले. मी राहायच्या बाजूने मत दिलं होतं, त्यांनी जायच्या. दोघींनाही एकमेकींचं माहीत होतं. शेवटच्या रविवारी बाईंनी पुन्हा माझा हात हातात घेतला, पहिल्या दिवशी घेतला तसाच. कुठलं चर्च बघताय, असं मी विचारलं. म्हणाल्या, "बघू. या वयात शॉपिंग." त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

डावीकडची तिसरी रांग तेव्हापासून रिकामी असते. कुणी ठरवलेलं नाही. खरं तर आमची लोकं निम्म्यावर आली आहेत, पुढे येऊन बसा असं पाळक दर रविवारी सांगतात, आणि आम्ही सगळे आपापल्या जुन्या ठिकाणी, मध्ये मध्ये फट ठेवून, पडक्या दातांसारखे बसतो. मी पाचवीतच. नवरा एकदा म्हणाला, आता बस की पुढे, तुझ्या आजीच्या रांगेत. मी म्हटलं, इथे पंखा चांगला लागतो. इथे पंखे नाहीत, एसी आहे.

मागच्या महिन्यात एक तरुण बाई आली, कडेवर मूल, खांद्याला पिशवी, उशीर झालेला. आमच्याच देशाकडची वाटली, विचारलं नाही. मधल्या वाटेत थांबून तिने तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं आणि हळूच मला विचारलं, इथे कुणी बसतं का?

माझ्या तोंडून आधी 'हो' गेलं. ती सॉरी म्हणून मागे वळली, पार शेवटच्या रांगेकडे. मग गीत चालू असतानाच उठून मला तिच्यामागे जावं लागलं.